फक्त वायरिंग बाकी

डेट्रॉईटच्या आसपास जुन्या गाड्यांच्या विक्रीच्या जाहिरातींत एक ओळ हमखास सापडते : गाडी तयार आहे, फक्त वायरिंग आणि प्लंबिंग बाकी. इंजिन बसलेलं असतं, बॉडीवर प्रायमर मारलेला असतो, चाकं नवी कोरी असतात आणि मागितलेली किंमत आतापर्यंत घातलेल्या पैशांच्या निम्मीही नसते. ज्याने हे काम एकदा केलंय त्याला लगेच कळतं की विकणारा नेमका इथे दमला. इंजिन बसवणं हे दांडगाईचं काम आहे. क्रेन आणायची, तीन-चार मित्र गोळा करायचे, दुपारपर्यंत इंजिन जागेवर आणि संध्याकाळी फोटो. तारा आणि नळ्यांचं काम महिनोन् महिने चालतं आणि कोणी बघायला आलं तर दाखवायला काही नसतं. उलट गाडी आधीपेक्षा जास्त विस्कटलेली दिसते.

मी घेतलेली गाडी अशीच दमलेल्या माणसाकडची. १९३२ च्या फोर्ड रोडस्टरची फायबरग्लासमधली नक्कल, खाली लोखंडी चासी, आत शेव्हरलेचं ३५० क्युबिक इंचांचं, म्हणजे ५.७ लिटरचं इंजिन. सोबत खोक्यांत भरलेलं सामान. इथल्या भाषेत ही हॉट रॉड.

आपल्याकडे हा प्रकार समजावून सांगावा लागतो. जुनी, हलकी, बहुतेकदा फोर्डची गाडी घ्यायची, मडगार्डसकट जे जे ओझं वाटेल ते काढून टाकायचं आणि मूळच्यापेक्षा कितीतरी ताकदवान इंजिन आत बसवायचं. कॅलिफोर्नियात मुरॉक, एल मिराज इथे कोरड्या पडलेल्या तळ्यांची सपाट पात्रं आहेत. दुसऱ्या महायुद्धाच्या आधीपासून तिथे पोरं अशा गाड्या पळवायची. त्या पळवापळवीला शिस्त लावणारी सदर्न कॅलिफोर्निया टायमिंग असोसिएशन १९३७ सालची, आणि ‘हॉट रॉड’ मासिकाचा पहिला अंक जानेवारी १९४८ चा. १९३२ च्या फोर्डचं एवढं कौतुक का, तर त्या वर्षी फोर्डने बेताच्या किमतीच्या गाडीत व्ही-८ इंजिन दिलं. ताकद ६५ हॉर्सपॉवर. आज ऐकून हसू येईल, पण तेव्हा ती चैन होती. मूळ पत्र्याची बॉडी आता सोन्याच्या भावाने जाते, म्हणून माझ्यासारखे लोक फायबरग्लासवर भागवतात. आणि फोर्डच्या अंगात शेव्हरलेचं इंजिन घालणं हे कट्टर मंडळींना कितीही खटकलं तरी बहुतेक जण तेच करतात, कारण ते स्वस्त आहे आणि त्याचे सुटे भाग कुठेही मिळतात.

मी कोल्हापूरचा. शिवाजी उद्यमनगरात माझ्या मामांचं ऑटो इलेक्ट्रिकचं दुकान होतं. मे महिन्याच्या सुट्टीत डायनामोचे कार्बन घासणं, सेल्फ उघडून धुणं, जीपच्या हेडलाइटचे होल्डर बदलणं ही कामं मला मिळायची. पुढे इंजिनिअर झालो, नोकरीने इथे आलो, पण ऑफिसात गाडी म्हणजे स्क्रीनवरची रेषा. हाताला काळं लागायचं थांबलं होतं. शेजारी एक निवृत्त टूल अँड डाय कारागीर राहतात. त्यांच्या गॅरेजमध्ये त्यांनी स्वतः बांधलेली १९३० ची मॉडेल ए आहे. माझी मुलगी त्यांना आजोबा म्हणते, म्हणून मीही आजोबाच म्हणतो. ‘आजोबा’ म्हणजे काय हे त्यांना माहीत आहे आणि ते त्यावर खूश आहेत.

मूळच्या फोर्डवरून या कामाला काहीच मदत होत नाही, हे आजोबांनी पहिल्या दिवशीच सांगून टाकलं. मॉडेल ए मध्ये पेट्रोलची टाकी डॅशबोर्डच्या पुढे, उंचावर असते. पेट्रोल आपल्या वजनाने कार्बुरेटरमध्ये उतरतं, पंपच नाही. १९३२ च्या गाडीचे ब्रेक लोखंडी सळयांनी ओढले जायचे. फोर्डने हायड्रॉलिक ब्रेक घेतले ते थेट १९३९ च्या मॉडेलला. वीज सहा व्होल्टची, आणि अर्थ पॉझिटिव्ह. माझ्या गाडीला पुढे डिस्क ब्रेक, मागे ड्रम, बारा व्होल्ट, अल्टरनेटर, इलेक्ट्रिक पंखा, ऑटोमॅटिक गिअरबॉक्स. म्हणजे बाहेरून १९३२ आणि आतून चार वेगवेगळ्या दशकांतल्या, चार वेगवेगळ्या गाड्यांचे अवयव. त्यांची एकमेकांशी ओळख करून देणं म्हणजे वायरिंग आणि प्लंबिंग.

ते सगळं हिवाळ्यात केलं. मिशिगनमध्ये जानेवारीत गॅरेजमध्ये हीटर लावला तरी तारेवरचं आवरण ताठ असतं आणि वाकवलेली तार पुन्हा सरळ होऊ पाहते. तारांचा संच तयार मिळतो. त्यात फ्यूजबॉक्स असतो आणि प्रत्येक तारेवर ठरावीक अंतरावर ती कुठे जाते ते छापलेलं असतं. रंग जनरल मोटर्सच्या पद्धतीचे : पार्किंगला तपकिरी, डाव्या मागच्या इंडिकेटरला पिवळी, उजव्या मागच्याला गडद हिरवी, इग्निशनला गुलाबी, सेल्फला जांभळी. हे पाठ झालं की काम निम्मं सोपं होतं. मामांच्या दुकानात अर्ध्या गाड्यांत सगळीकडे लाल तार असायची, कारण बाजारात त्या दिवशी लालच मिळाली होती. मग मामा टेस्ट लॅम्प घेऊन जमिनीवर उताणे पडायचे आणि ज्याने ती तार ओढली त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार करायचे.

म्हणून मी तार कापायच्या आधी जागा ठरवायला बसलो. फ्यूजबॉक्स कुठे? बहुतेक लोक तो डॅशबोर्डच्या मागे, खोल, कोणाला दिसू नये अशा ठिकाणी बसवतात. गाडी प्रदर्शनात ठेवायची असेल तर ठीक. आजोबांचं म्हणणं वेगळं होतं : रात्री, पावसात, रस्त्याच्या कडेला, एका हातात टॉर्च धरून जिथे दुसरा हात पोचेल तिथे फ्यूजबॉक्स. हा विचार मला मनापासून पटला. गाडी बांधणारा माणूस ती उघडणारा माणूसही असतो, निदान हॉट रॉडच्या बाबतीत. कुठल्याही सर्व्हिस सेंटरला या गाडीचं पुस्तक मिळणार नाही. आम्ही फ्यूजबॉक्स ड्रायव्हरच्या पायाच्या वर, बिजागरीवर खाली येणाऱ्या एका पट्टीवर बसवला. दोन स्क्रू काढले की तो मांडीवर येतो. त्यासाठी तारा थोड्या लांब ठेवाव्या लागतात, इतकंच.

तारेची जाडी हा दुसरा विषय. अमेरिकन गेजमध्ये आकडा मोठा तितकी तार बारीक, हे मिलिमीटरमध्ये वाढलेल्या माणसाला अंगवळणी पडायला वेळ लागतो. मीटर आणि छोट्या दिव्यांना १८ किंवा १६ गेज पुरते, हेडलाइटला १४, रेडिएटरच्या पंख्याला १०. पंखा सुरू असताना वीस-पंचवीस अँपिअर सहज ओढतो. बॅटरी मी मागे डिकीत ठेवली, कारण पुढे इंजिनाने जागाच सोडलेली नाही. मग बॅटरीपासून सेल्फपर्यंतची केबल लांब झाली आणि जाडही घ्यावी लागली. सेल्फ फिरताना दीडशे-दोनशे अँपिअर जातात. केबल बारीक असेल तर वाटेतच व्होल्टेज पडतं आणि इंजिन कण्हल्यासारखं फिरतं. फ्यूज असतो तो तारेला वाचवायला, दिव्याला नाही. म्हणून दिवा किती ओढतो त्याआधी तार किती सोसते ते बघून फ्यूज घालायचा. ‘फ्यूज उडतोय तर मोठा घाल’ हा सल्ला आपल्याकडेही मिळतो आणि इथेही.

आता अर्थिंग. या गाडीत माझा सर्वांत जास्त वेळ इथे गेला आणि सर्वांत जास्त मजाही इथेच आली. पत्र्याच्या गाडीत बॉडीच अर्थ असते. दिव्याला एक तार न्यायची, परतीचा रस्ता पत्रा देतो. आधीच्या मालकाने मागचे दिवे बसवताना सवयीने तेच केलं होतं : अर्थची तार जवळच्या स्क्रूखाली दाबली आणि स्क्रू बॉडीत पिळला. पण बॉडी फायबरग्लासची. तिच्यातून करंट जात नाही. आता करंट काही गप्प बसत नाही, त्याला परतीची वाट लागते. ब्रेकच्या फिलामेंटमधून आलेला करंट त्याच बल्बच्या पार्किंगच्या फिलामेंटमध्ये उलटा शिरायचा, तपकिरी तारेतून पुढे यायचा आणि डॅशबोर्डच्या दिव्यांतून चासी गाठायचा. परिणाम असा की ब्रेक दाबला की मागे धड उजेड नाही आणि मीटरचे दिवे मिणमिणतात. अशा गाडीत माणूस ब्रेकचा स्विच बदलतो, मग फ्लॅशर बदलतो, मग कपाळाला हात लावतो. दोष असतो तो न दिसणाऱ्या अर्ध्या सर्किटमध्ये.

आम्ही बॉडीवरचे सगळे अर्थ काढून टाकले. डॅशबोर्डखाली पितळेची एक पट्टी, मागे डिकीत दुसरी. प्रत्येक दिव्याची, प्रत्येक मीटरची काळी तार त्या पट्टीवर. पट्टीपासून जाड तार चासीला, बॅटरीच्या निगेटिव्हपासून एक केबल चासीला आणि एक थेट इंजिनच्या ब्लॉकला. इंजिन रबरावर बसलेलं असतं, त्यामुळे ब्लॉकला स्वतंत्र अर्थ दिला नाही तर सेल्फचा करंट ॲक्सिलरेटरच्या केबलमधून किंवा स्पीडोमीटरच्या तारेतून वाट काढतो आणि ती तापून लाल होते. चासीला पावडर कोटिंग होतं, सुंदर काळं. अर्थच्या जागी ते खरवडून चमकता धातू उघडा करावा लागला. नवा रंग खरवडताना हात आखडतो, पण इलाज नाही.

मग मल्टिमीटरची परीक्षा. दिवा चालू ठेवायचा, मीटरचं एक टोक बॅटरीच्या निगेटिव्हवर, दुसरं दिव्याच्या अर्थवर. आकडा व्होल्टच्या दहाव्या हिश्शाच्या आत हवा. नुसतं रेझिस्टन्स मोजून हे कळत नाही. तारेचा एकच पेड धरून असला तरी मीटर ‘ठीक’ म्हणतो. करंट वाहत असताना मोजलं तर खोटं बोलायला जागा राहत नाही.

आजोबांना मामांकडची एकच गोष्ट मी शिकवू शकलो, ती म्हणजे सिरीज बल्ब. उद्यमनगरात नव्या वायरिंगला थेट बॅटरी कोणी जोडत नसे. बॅटरी आणि वायरिंग यांच्यामध्ये हेडलाइटचा एक बल्ब घालायचा. सगळं ठीक असेल तर बल्ब काळा. कुठे शॉर्ट असेल तर सगळा करंट बल्बमधून जातो, तो लख्ख पेटतो आणि पाच अँपिअरच्या आसपासच अडतो. तार जळत नाही, धूर येत नाही, फ्यूजही उडत नाहीत. मग एकेक स्विच चालू करत जायचं. पार्किंगचा स्विच ओढला आणि आमचा बल्ब लख्ख पेटला. मागच्या नंबरप्लेटच्या लोखंडी पट्टीखाली आधीच्या मालकाची तपकिरी तार चिमटली होती. पट्टी सैल केली की बल्ब विझायचा, आवळली की पेटायचा. आजोबांनी तीन-चारदा ती पट्टी सैल-घट्ट करून पाहिली आणि नंतर स्वतःच्या टूलबॉक्ससाठी तसाच एक बल्ब होल्डरसकट बनवून घेतला.

त्यांच्याकडून मला मिळाली ती अल्टरनेटरची गंमत. जनरल मोटर्सच्या जुन्या अल्टरनेटरला एक जाड तार बॅटरीकडे जाते आणि बाजूच्या प्लगमध्ये दोन बारीक तारा. त्यांतली एक नंबरची तार डॅशबोर्डवरच्या चार्जिंगच्या लाल दिव्यातून इग्निशनला जाते. हॉट रॉडवाले मीटर बसवतात, दिवा गाळतात आणि ती तार सरळ इग्निशनला जोडतात. मग किल्ली बंद केली तरी इंजिन बंद होत नाही! अल्टरनेटर फिरतच असतो, त्याच तारेतून करंट उलटा इग्निशनला मिळत राहतो. दिवा असता तर त्याच्या फिलामेंटच्या रेझिस्टन्सने तो अडला असता. दिवा नको असेल तर मध्ये डायोड घालायचा. मी दिवा घातला. छोटा, लाल, स्टिअरिंगच्या डावीकडे. किल्ली फिरवली की तो लागतो, इंजिन सुरू झालं की विझतो. आपल्या ॲम्बेसेडरमध्ये होता तसाच.

हेडलाइटना रिले लावले, पंख्याला रिले लावला, आणि तारा जिथे जिथे पत्र्यातून आरपार जातात तिथे रबरी ग्रोमेट. याबद्दल यापेक्षा जास्त सांगण्यासारखं काही नाही. चासीवर तारा बांधण्यात मात्र आठवडे गेले. नीट बांधलेला हार्नेस दिसायला छान दिसतो हे खरंच, पण त्याहून महत्त्वाचं म्हणजे तो हलत नाही. हलणारी तार आज ना उद्या कुठेतरी घासते.

नळ्यांचं काम मला तारांपेक्षा अवघड वाटलं, कारण तारेतली चूक दिवा सांगतो, नळीतली चूक पाय सांगतो, आणि तोही उतारावर. ब्रेकची नळी बाहेरून तीन सोळांश इंच, म्हणजे पाच मिलिमीटरहून किंचित कमी. तिच्यात दाब एक हजार पौंड प्रति चौरस इंचापर्यंत सहज जातो. नळीचं टोक नटमध्ये घट्ट बसावं म्हणून ते फुलवावं लागतं, त्याला फ्लेअर म्हणतात. ब्रेकला दुहेरी फ्लेअर लागतो : आधी टोक डायमध्ये दाबून आत वळवायचं, मग शंकूने पुन्हा पसरवायचं, म्हणजे काठ दुपदरी होतो. करंजीची कड मुरडताना जशी एक घडी आत जाते आणि मग दाबली जाते, तसं. टोक वाकडं कापलं असेल किंवा आतली बारीक कड काढली नसेल तर काठाला चीर पडते. आणि नट आधी नळीत सरकवायचा, मग फ्लेअर करायचा. ऐकायला हास्यास्पद वाटतं. आजोबांनी माझ्यासमोर भिंतीवर हे मोठ्या अक्षरात लिहून चिकटवलं होतं.

फ्लेअरचे कोनही दोन असतात. नेहमीच्या गाड्यांना ४५ अंश. विमानांच्या दुनियेतून आलेल्या एएन फिटिंगना ३७ अंश. दिसायला जवळजवळ सारखे, एकमेकांत बसतातही, पण थेंब थेंब गळत राहतात. आधीच्या मालकाच्या खोक्यात दोन्ही प्रकारची फिटिंग एकत्र होती. ती वेगळी करून दोन डब्यांत भरणं हे माझं प्लंबिंगमधलं पहिलं काम.

नळी कोणती घ्यायची यावर आमच्या दोघांत बराच खल झाला. स्टीलची मजबूत, पण मिशिगनमध्ये हिवाळ्यात रस्त्यावर मीठ टाकतात आणि ते स्टीलच्या नळ्या खातं. स्टेनलेस दिसायला देखणी, मात्र इतकी कडक की दुहेरी फ्लेअर करताना फाटते. फ्रिजवाले वापरतात ती निव्वळ तांब्याची नळी हाताने वाकते, पण थरथर सोसून ती कडक होते आणि तडकते. ब्रेकला ती कधीही वापरायची नाही. शेवटी तांबं-निकेलच्या मिश्रधातूची घेतली. वाकायला मऊ, गंजाला दाद न देणारी. महाग आहे, पण ब्रेकवर काटकसर करायला मी काही हॉट रॉड बांधत नव्हतो.

नळी वाकवण्याआधी कपडे अडकवायच्या हँगरची तार सरळ करून तीच चासीवरून फिरवायची, हवी तशी वाकवायची, आणि मग तिच्याबरहुकूम नळी वाकवायची. घरातले धोबीवाले हँगर कुठे जातात, हा प्रश्न त्या महिन्यात बायकोने वरचेवर विचारला.

या गाडीत मास्टर सिलिंडर पायाखाली, फळीच्या खाली असतो. त्याची पातळी पुढच्या डिस्कच्या कॅलिपरपेक्षा खाली येते. मग गाडी उभी असताना ब्रेक ऑइल हळूहळू मागे मास्टर सिलिंडरकडे उतरतं, आणि पुढच्या वेळी पेडल अर्ध्यापर्यंत रिकामं जातं. त्यासाठी नळीत एक छोटा व्हॉल्व्ह घालतात, तो थोडासा दाब धरून ठेवतो : डिस्कसाठी २ पौंडांचा, ड्रमसाठी १० चा. ड्रममधल्या स्प्रिंगा बूट मागे ओढतात, म्हणून तिकडे जास्त. हे दोन व्हॉल्व्ह अदलाबदल झाले तर पुढचे डिस्क कायम घासत राहतात आणि तापतात. एक निळा असतो, एक लाल. तरीही आम्ही त्यांच्यावरचा आकडा वाचूनच बसवले.

एअर काढायच्या दिवशी घरातल्या सगळ्यांना कामाला लावलं. पेडलवर बायको, मी चाकाखाली, आजोबा बाटली आणि पारदर्शक नळी धरून.

“दाब.”

“दाबलं.”

“धरून ठेव. सोडू नकोस हं.”

“अहो, धरलंय. किती वेळ?”

“आता सोड.”

मास्टर सिलिंडरपासून सर्वांत लांबच्या चाकापासून सुरुवात : मागचं उजवं, मागचं डावं, पुढचं उजवं, पुढचं डावं. नळीतून आधी फेस येतो, मग सुटे बुडबुडे, मग नुसतं ऑइल. मास्टर सिलिंडरमधलं ऑइल मध्येच संपलं तर पुन्हा हवा शिरते आणि श्रीगणेशा करावा लागतो, म्हणून मुलीला फक्त ती पातळी बघायला बसवलं होतं. ती अभ्यासाचं पुस्तकही घेऊन आली होती. पेडल दगडासारखं घट्ट लागलं तेव्हा बायको म्हणाली, “हे असं असायला हवं होतं होय? मला वाटलं बिघडलं.” मग तिलाच सांगितलं, मिनिटभर पूर्ण ताकदीने दाबून ठेव. मी आणि आजोबा टॉर्च घेऊन प्रत्येक जोडावरून बोट फिरवत गेलो. सगळे कोरडे निघाले. ब्रेक ऑइल रंगावर सांडलं तर रंग उचलतं, म्हणून शेजारी पाण्याची बादली तयार होती; ती तशीच भरलेली राहिली.

पेट्रोलचं प्लंबिंग मी जाणूनबुजून साधं ठेवलं. इंजिनवरचाच, कॅमशाफ्टवर चालणारा पंप. तो कार्बुरेटरला हवा तितका, पाच-सहा पौंडांचा दाब देतो आणि इंजिन थांबलं की थांबतो. इलेक्ट्रिक पंप असता तर तो अपघातात बंद पडेल अशी वेगळी सोय करावी लागली असती, नाहीतर फुटलेल्या नळीतून तो पेट्रोल ओततच राहतो. टाकीपासून पुढे तीन अष्टमांश इंचाची नळी, एक्झॉस्टपासून जितकी लांब नेता येईल तितकी लांब. रबरी नळी फक्त दोन टोकांना, वीतभर, आणि तीही इथेनॉलमिश्रित पेट्रोलला टिकणारी. काचेचा पारदर्शक फिल्टर दिसायला आकर्षक असतो. गरम इंजिनवर काचेत पेट्रोल लटकवायला आजोबांनी साफ नकार दिला आणि मी वाद घातला नाही.

रेडिएटरचं थोडक्यात सांगतो. १९३२ चं ग्रिल अरुंद, इंजिन मोठं. ट्रॅफिकमध्ये पाणी तापणार हे गृहीत धरायचं. पंख्याभोवती आवरण हवंच, नाहीतर तो आजूबाजूचीच हवा फिरवत बसतो. झाकण १५ पौंडांचं, म्हणजे पाणी नेहमीपेक्षा सुमारे २५ अंश सेल्सिअस उशिरा उकळतं. पाण्यात निम्मं अँटिफ्रीझ. इथल्या हिवाळ्यात नुसतं पाणी ठेवलं तर ते गोठून फुगेल आणि इंजिनचा ब्लॉक चिरेल.

इंजिन पहिल्यांदा सुरू केलं ते मार्चच्या शेवटी, गॅरेजचं दार उघडून. मी ऑइलच्या दाबाकडे बघत होतो, आजोबा पेट्रोलच्या जोडांकडे, मुलगी फोनवर कोल्हापूरला व्हिडिओ दाखवत होती. मामा आता ऐंशीच्या पुढचे. त्यांना आवाज नीट ऐकू येत नव्हता, पण त्यांनी विचारलं, “चार्जिंगचा दिवा विझला का रे?” विझला होता.

मिशिगनमध्ये अशी जोडून बांधलेली गाडी पोलिसांकडून तपासून घ्यावी लागते. अधिकाऱ्याने दिवे, इंडिकेटर, ब्रेकचे दिवे, हॉर्न बघितले, नंबर उतरवून घेतले. इंजिनकडे त्याने प्रेमाने बघितलं, डॅशबोर्डखाली डोकावलाही नाही. मला बिजागरीवरचा फ्यूजबॉक्स खाली करून दाखवायचा होता, पण त्याला घाई होती.

ऑगस्टच्या तिसऱ्या शनिवारी वुडवर्ड ॲव्हेन्यूवर जुन्या गाड्यांची जत्रा भरते, १९९५ पासून. त्याच रस्त्याचा एक मैल १९०९ मध्ये काँक्रीटचा केला होता आणि अमेरिकेतल्या पहिल्यावहिल्या काँक्रीटच्या रस्त्यांत तो मोजतात. त्या दिवशी मात्र तिथे चालणाऱ्या माणसाचा वेग गाडीपेक्षा जास्त असतो. आमच्यापुढे-मागे हजारो इंजिनं गुरगुरत उभी, ऊन कडक, आणि माझी नजर बाहेरच्या गाड्यांऐवजी तापमानाच्या काट्यावर. काटा चढला, रिले टकटकला, पंखा फिरला, काटा उतरला. एवढं झाल्यावर मी बाहेर बघायला लागलो.

एक गोष्ट राहिली आहे. पेट्रोलचा काटा उलटा चालतो. टाकीतला फ्लोट आधीच्या मालकाने बसवलेला, जुन्या फोर्डच्या पद्धतीचा : टाकी रिकामी असताना ७३ ओहम, भरलेली असताना १०. माझं मीटर जनरल मोटर्सच्या पद्धतीचं : रिकामीला ०, भरलेलीला ९०. दोघंही आपापल्या परीने बरोबर आहेत. फ्लोट बदलायचा तर टाकी रिकामी करून उतरवावी लागेल, आणि उन्हाळ्यात गाडी ठोकळ्यांवर कोण उभी करतो. ते डिसेंबरात करू. तोवर शेजारी बसणाऱ्याला मुलगी आधीच सांगून ठेवते : काटा खाली असेल तर खुशाल बसा, वर चढायला लागला की बाबांना पंपावर थांबायला सांगा.